ओटिस रेडिंग २६ व्या वर्षी गेला. मग त्याच्या गाण्यांचं काय झालं?

अमेरिकन सोल गायक ओटिस रेडिंगचं सगळ्यात गाजलेलं गाणं बाजारात आलेलं त्याने पाहिलंच नाही. 'डॉक ऑफ द बे'चं काम मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत डिसेंबर १९६७ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत चालू होतं. १० डिसेंबरला तो आणि त्याला साथ करणारी बार-केज ही कोवळ्या पोरांची वादकमंडळी क्लीव्हलँडहून मॅडिसनला कार्यक्रमासाठी निघाली. विमान छोटं होतं आणि हवा खराब होती. उतरायला थोडंच अंतर राहिलेलं असताना ते मोनोना तळ्यात कोसळलं. आठ जणांपैकी ट्रम्पेट वाजवणारा बेन कॉली एकटा वाचला.

जानेवारी १९६८ मध्ये रेकॉर्ड बाहेर आली आणि मार्चमध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. गायकाच्या मृत्यूनंतर त्या जागेवर गेलेलं हे पहिलंच गाणं.

याला आता साठ वर्षं होत आली. चांगलं गाणं आपोआप टिकतं, असं आपण सहज म्हणून जातो. ओटिसच्या बाबतीत जरा खोलात गेलं की आपोआप म्हणावं असं फार थोडं सापडतं. न वाचता सही केलेला एक करार, त्याचं गाणं पळवणारी एक गायिका, अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातली काही विचित्र भोकं, त्याची खमकी बायको आणि त्याच्या आवाजाचा तुकडा उचलणारे दोन रॅपर, एवढ्यांनी मिळून त्याची आठवण आजवर चालत ठेवली आहे. यातलं कोण काय करतं आणि पैसा कुणाकडे जातो, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी माणूस कोण होता ते पाहू. सोल म्हणजे ढोबळमानाने कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधलं गाणं आणि त्यांच्याच नाचघरांतलं रिदम अँड ब्लूज, यांचा १९५० आणि ६० च्या दशकांत जमलेला संसार. शब्द देवाऐवजी प्रेयसीला उद्देशून, आळवणी मात्र तीच. ओटिस १९४१ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या डॉसनला जन्मला आणि मेकन शहरात वाढला. चर्चमध्ये गायला. घरच्या अडचणींमुळे शाळा लवकर सुटली. रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्ड हा मेकनचाच, त्यामुळे सुरुवातीला ओटिस त्याचीच नक्कल करायचा. १९६२ मध्ये जॉनी जेंकिन्स नावाच्या गिटारवादकाला गाडीतून मेम्फिसला नेऊन पोचवण्याचं काम त्याच्याकडे होतं. जेंकिन्सचं रेकॉर्डिंग काही जमेना. शेवटी उरलेल्या वेळात ड्रायव्हरला गाऊ दिलं. त्याने 'दीज आर्म्स ऑफ माइन' हे स्वतःचं गाणं म्हटलं, आणि तिथून त्याची कारकीर्द सुरू झाली.

ती पाच वर्षांची. रंगमंचावर तो गाणं अक्षरशः पायाने तुडवत गायचा. संथ सुरुवात, मग हळूहळू चढत जाणारी लय, आणि शेवटी शब्द संपून नुसती आर्जवं उरायची. 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' ऐका म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. गंमत म्हणजे हे गाणं त्याचं नाही, १९३२ सालचं आहे आणि मुळात अगदी सभ्य, नाजूक चालीचं.

'डॉक ऑफ द बे' यापेक्षा पार वेगळं आहे. १९६७ च्या शेवटी ओटिसच्या घशावर शस्त्रक्रिया झाली होती, काही आठवडे बोलणंही बंद होतं. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर सॉसॅलिटो इथे तो एका हाउसबोटीवर राहिला होता, तिथे गाण्याच्या पहिल्या ओळी सुचल्या. पुढचं गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर याच्याबरोबर पूर्ण झालं. शेवटची ती प्रसिद्ध शीळ तिथे आहे, कारण त्या जागी म्हणायला काही ठरलेलंच नव्हतं, असं क्रॉपर सांगायचा. लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज त्याने ओटिस गेल्यानंतर मिसळले. ज्याला फक्त हे एक गाणं माहीत आहे, त्याला ओटिस एक शांत, थकलेला, पाण्याकडे बघत बसलेला माणूस वाटतो. माझ्या मते त्याच्या आठवणीतला हा सगळ्यात मोठा घोटाळा आहे. पाच वर्षं घाम गाळून गायलेला माणूस जगाच्या लक्षात राहिला तो त्याच्या सगळ्यात निवांत अडीच मिनिटांमुळे.

घसा बरा झाल्यावर त्याने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झपाटल्यासारखं रेकॉर्डिंग केलं होतं. तो साठा पुढे पुरला. १९६८ ते १९७० या काळात त्याचे नवे अल्बम येतच राहिले. म्हणजे तो गेल्यावरही तीन वर्षं 'ओटिसचं नवीन गाणं' रेडिओवर लागत होतं.

एका गाण्याचे दोन मालक

इथून कायदा सुरू होतो, पण तो समजायला आपल्याला सोपा जावा. एक बंदिश असते, आणि ती एखाद्या गायकाने एका विशिष्ट संध्याकाळी गायलेली मैफल असते. बंदिश तीच राहते, मैफली अनेक होतात. अमेरिकेचा कॉपीराइट कायदा या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या मानतो. शब्द आणि चाल मिळून झालेली रचना ही एक मालमत्ता, तिचा मालक रचनाकार आणि त्याचा संगीत-प्रकाशक. ध्वनिमुद्रण, म्हणजे ती मूळ टेप, ही दुसरी मालमत्ता. तिची मालक बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनी असते आणि गायकाला करारात ठरलेला वाटा मिळतो.

ओटिसची बरीचशी गाणी त्याने स्वतः लिहिली किंवा दुसऱ्याबरोबर लिहिली. साठच्या दशकातल्या कृष्णवर्णीय गायकासाठी ही फार मोलाची गोष्ट होती. त्याचा मॅनेजर फिल वॉल्डन आणि तो यांची रेडवॉल नावाची प्रकाशन कंपनीही होती. ज्यांनी नुसतं गायलं, त्यांच्या वारसांची आणि ओटिसच्या वारसांची कहाणी इथेच वेगळी होते.

आपल्याकडे हा भेद उशिरा अंगवळणी पडला. लताबाई आणि रफीसाहेब यांच्यात रॉयल्टीवरून अबोला झाला तो याच दशकातला. चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा कायद्याने मिळाला तो थेट २०१२ च्या दुरुस्तीत.

'रिस्पेक्ट' कुणाचं?

या दोन मालक्यांचं सगळ्यात नाट्यमय उदाहरण म्हणजे 'रिस्पेक्ट'. ओटिसने ते १९६५ मध्ये लिहिलं आणि गायलं. त्यात कमावून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. दोन वर्षांनी अरीथा फ्रँकलिनने तेच गाणं उचललं आणि उलटं केलं. आता बाई मान मागत होती. इंग्रजी शब्दाची अक्षरं एकेक करून उच्चारणारा तो तुकडा, जो आज झोपेतही ऐकू येतो, तो ओटिसच्या गाण्यात नाहीच. तो अरीथाच्या आवृत्तीत आला. जून १९६७ मध्ये तिचं 'रिस्पेक्ट' पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या संगीत महोत्सवात ओटिसने हे गाणं म्हणताना प्रेक्षकांना हसत सांगितलं, की एका मुलीने ते माझ्याकडून पळवलंय.

आता पैशाचं बघा. अमेरिकेत साध्या एफएम रेडिओवर गाणं वाजलं की मोबदला रचनाकाराला आणि प्रकाशकाला मिळतो. गाणाऱ्याला आणि रेकॉर्ड कंपनीला काहीही मिळत नाही. रेडिओवर वाजणं म्हणजे फुकट जाहिरातच, तिचे पैसे कसले मागता, हा रेडिओवाल्यांचा जुना युक्तिवाद, आणि तो आजही टिकून आहे. याचा परिणाम असा की गेली साठेक वर्षं अरीथाचं 'रिस्पेक्ट' जितक्या वेळा तिथल्या रेडिओवर वाजलं, तितक्या वेळा हिशेब ओटिसच्या नावावर जमा झाला. अरीथा २०१८ मध्ये गेली, तोवर तिच्या वाट्याला त्या वाजण्यातून काही आलं नाही. जिच्यामुळे गाणं अमर झालं तिला शून्य, हा अन्याय आहेच. पण त्याच नियमाने ओटिसचं घर चालायला मदत झाली हेही खरं. दोन्ही गोष्टी एकदम मान्य कराव्या लागतात.

'डॉक'चंही तेच. रॉयल्टी गोळा करणाऱ्या बीएमआय या संस्थेने १९९९ मध्ये विसाव्या शतकात सगळ्यात जास्त वाजलेल्या गाण्यांची यादी काढली, त्यात ते सहावं होतं. त्या वाजण्याचा वाटा ओटिसच्या वारसांना आणि क्रॉपरला.

यात आणखी एक भोक होतं. १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेच्या केंद्रीय कॉपीराइट कायद्याचं संरक्षणच नव्हतं, ती राज्याराज्यांच्या कायद्यांवर सोडलेली होती. इंटरनेट आणि उपग्रह रेडिओ आले तेव्हा नव्या नियमांनुसार गायकांनाही मोबदला मिळू लागला. पण १९७२ आधीच्या टेपांचे पैसे देणं आम्हाला बंधनकारक नाही, अशी भूमिका काही कंपन्यांनी घेतली. म्हणजे सोलचा जवळजवळ सगळा सुवर्णकाळ बाहेर. २०१४ मध्ये हे बदलण्यासाठी अमेरिकी संसदेत एक विधेयक आलं. त्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून 'रिस्पेक्ट' असं संक्षिप्त नाव केलेलं होतं. ते मंजूर झालं नाही, पण २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन अ‍ॅक्टने हे भोक बुजवलं.

टेप कुणाची?

ओटिसच्या टेपांची गोष्ट आणखी चटका लावणारी आहे. स्टॅक्स ही कंपनी जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन या गोऱ्या भावंडांनी मेम्फिसच्या एका जुन्या सिनेमा थिएटरात चालवली होती. तिथल्या मुख्य वादकचमूत दोघे काळे आणि दोघे गोरे होते, आणि हे अशा शहरात की जिथे बाहेर त्यांना एकत्र जेवणंही कठीण होतं. स्टॅक्सच्या रेकॉर्ड देशभर पोचवायचं काम न्यूयॉर्कची ॲटलांटिक कंपनी करायची. सुरुवातीला सगळं तोंडी होतं. १९६५ मध्ये लेखी करार झाला. स्टुअर्टने तो नीट न वाचता सही केली, हे त्याने नंतर स्वतः कबूल केलं.

ॲटलांटिक विकली गेल्यावर, १९६८ मध्ये, एक कलम उघडं पडलं. ॲटलांटिकने वितरित केलेल्या स्टॅक्सच्या सगळ्या मूळ टेपा ॲटलांटिकच्या मालकीच्या होत्या. ओटिस नुकताच गेलेला, आणि त्याने त्या खोलीत गायलेलं सगळं आता दुसऱ्याचं. स्टॅक्सने नव्याने उभं राहायचा मोठा प्रयत्न केला, पण १९७५ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. १९८९ मध्ये इमारत पाडली.

त्याच जागेवर २००३ मध्ये स्टॅक्स संग्रहालय उभं राहिलं. जुन्या थिएटरासारखीच उतरती जमीन असलेला स्टुडिओ त्यात पुन्हा बांधला आहे. शेजारी संगीत अकादमी आहे, जिथे मेम्फिसची शाळकरी मुलं ही गाणी वाजवायला शिकतात. आजची मालकी बघितली तर चित्र असं दिसतं, की ओटिसच्या टेपा ॲटलांटिकची मालक असलेल्या वॉर्नर कंपनीकडे, स्टॅक्सच्या नंतरच्या टेपा आणि नाव कॉन्कॉर्ड या दुसऱ्याच कंपनीकडे, आणि आठवण जपण्याचं काम मेम्फिसमधल्या एका ना-नफा संस्थेकडे.

बायको आणि मुलं

झेल्मा आणि ओटिसचं लग्न १९६१ मध्ये झालं होतं. तो गेला तेव्हा त्या पंचविशीत होत्या आणि पदरात लहान मुलं. मेकनच्या सभागृहात हजारो लोक अंत्यविधीला आले. ओटिसला पुरलं ते राउंड ओक इथल्या त्यांच्या स्वतःच्या शेतावर.

अमेरिकेच्या जुन्या कॉपीराइट कायद्यातली एक तरतूद अशा घरांसाठी फार महत्त्वाची ठरते. १९७८ च्या आधीच्या रचनांचा कॉपीराइट पहिली २८ वर्षं असायचा, मग त्याचं नूतनीकरण व्हायचं. रचनाकार त्याआधीच मरण पावला असेल, तर नूतनीकरणाचा हक्क त्याच्या पत्नीकडे आणि मुलांकडे यायचा, मग त्याने हयातीत तो कुणालाही लिहून दिलेला असो. 'रिस्पेक्ट'ची २८ वर्षं १९९३ मध्ये भरली. तरुणपणी गेलेल्या गीतकाराच्या कुटुंबाला कायद्याने दिलेली ही दुसरी संधी होती. रॉक अँड रोलचे पहिले गीतकार जी गाणी किरकोळ रकमेला विकून बसले होते, त्यांच्या वारसांना याच वाटेने काही परत मिळवता आलं.

नाव आणि चेहरा ही तिसरी मालमत्ता. टी-शर्टवर ओटिसचा फोटो छापायचा तर परवानगी कुणाची? जॉर्जियात याचं उत्तर १९८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलं. मार्टिन ल्यूथर किंग यांचे प्लॅस्टिकचे अर्धपुतळे विकणाऱ्या कंपनीविरुद्धचा तो खटला होता. माणसाच्या प्रसिद्धीवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही उरतो आणि वारसांकडे जातो, असं न्यायालयाने म्हटलं. ओटिस जॉर्जियाचाच रहिवासी होता.

झेल्मा रेडिंग यांनी २००७ मध्ये मेकनमध्ये ओटिस रेडिंग फाउंडेशन सुरू केलं. मुलगी कार्ला तिथे काम बघते. मुलांना गाणी लिहायला आणि वाजवायला शिकवणारी शिबिरं ते घेतात. पुतळ्यापेक्षा मला हे जास्त पटतं. पुतळाही आहे, २००२ मध्ये ओकमल्गी नदीकाठी बसवलेला, आणि त्याच नदीवरच्या पुलाला १९७४ पासून त्याचं नाव आहे.

प्रत्येक पिढीचा ओटिस वेगळा

डेक्स्टर आणि ओटिस तिसरा या ओटिसच्या दोन मुलांनी नात्यातल्या एका भावाला घेऊन १९८० च्या सुमारास 'द रेडिंग्ज' नावाचा फंक बँड काढला. त्यांनी वडिलांचं 'डॉक'सुद्धा गायलं. धाकटा ओटिस २०२३ मध्ये गेला. बापाच्या आवाजाशी रोज तुलना होत असताना गाणं किती अवघड असेल, याचा अंदाज आपल्याकडच्या संगीत घराण्यांतल्या मुलांना नक्की असेल.

१९९० मध्ये जॉर्जियाच्याच ब्लॅक क्रोज या रॉक बँडने 'हार्ड टू हँडल' गाजवलं. ते ऐकणाऱ्या बहुतेक पोरांना ते ओटिसचं, त्याच्या मृत्यूनंतर १९६८ मध्ये आलेलं गाणं आहे, याची गंधवार्ताही नव्हती. रचना ओटिस आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांची, त्यामुळे हिशेब तिकडे गेलाच.

२०११ चं उदाहरण नेमकं उलटं आहे. जे-झी आणि कान्ये वेस्ट यांनी 'ट्राय अ लिटल टेंडरनेस'चा तुकडा कापून त्यावर रॅप केलं आणि गाण्याचं नावच 'ओटिस' ठेवलं. श्रेयनामावलीत ओटिसला सहगायक म्हणून घेतलं. रॅपच्या प्रकारात ग्रॅमीही मिळालं. इथे सॅम्पल केलेली रचना ओटिसची नाही, १९३२ च्या तीन गीतकारांची आहे. म्हणून रचनेचा वाटा त्यांच्या बाजूला आणि टेपेचा वाटा रेकॉर्ड कंपनीकडे. 'हार्ड टू हँडल'मध्ये नाव गायब झालं आणि लेखकाचा पैसा मिळत राहिला, 'ओटिस'मध्ये नाव थेट शीर्षकात आलं आणि लेखकाचा पैसा दुसरीकडे गेला. विशीतल्या एका अख्ख्या पिढीला हा आवाज कुणाचा, असा प्रश्न पडला तो मात्र दुसऱ्या गाण्यामुळे.

आणि एक गोष्ट मला खटकते. बऱ्याच लेखांमध्ये ओटिसची गोष्ट मॉन्टेरीपासून सुरू होते, जणू गोऱ्या हिप्पी पोरांनी टाळ्या वाजवल्या तेव्हाच तो जन्मला. कृष्णवर्णीय श्रोते १९६३ पासून त्याला डोक्यावर घेत होते. 'आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग' १९६५ मध्ये रिदम अँड ब्लूजच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. पण त्या नाचघरांत आणि थिएटरांत कॅमेरे क्वचितच होते. मॉन्टेरीत होता, म्हणून ती रात्र आठवणीत सगळ्यात वर येते.

पुढचं वेळापत्रक कायद्याने आखून ठेवलं आहे. अमेरिकेत 'डॉक ऑफ द बे' ही रचना प्रकाशनापासून ९५ वर्षांनी, १ जानेवारी २०६४ ला सगळ्यांसाठी खुली होईल. १९७२ आधीच्या टेपांना वेगळी मुदत असल्याने ओटिसच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण मात्र १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत बंद राहील. मधली तीन वर्षं ते गाणं कुणालाही फुकट गाता येईल, छापता येईल, नव्या चालीत बसवता येईल. ओटिसची शीळ वापरायची असेल तर तोवर वॉर्नरलाच विचारावं लागेल.